सहलीचे ठिकाण : क्यूबेक

पृथ्वीगोल फिरवला तेव्हा हंसराज आत्रामचं बोट
आधी समुद्रातच पडलं.
दुसऱ्यांदा क्यूबेकवर.
गोलाला तिथं पोचा आलेला आहे,
कपाटावरून पडला होता मागच्या वर्षी.
म्हणून असेल, बोट अडकलं.

परिपत्रकात होतं : इयत्ता सातवी, प्रकल्प,
'विद्यार्थ्यांनी सहलीचा आराखडा स्वतः तयार करावा.'
सहल काढावी असं कुठंच नव्हतं.

मग आम्ही निघालो.
सकाळी सहा चाळीसची वरोऱ्याची एसटी,
तिथून नागपूर, नागपूरहून दिल्ली.
पुढं फळा संपला
म्हणून अटलांटिक खिडकीखालच्या भिंतीवर काढला.
एकवीस पोरं, मी,
आणि 'तिथं खिचडी कोण रांधन?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून
पोषण आहाराच्या गिराबाई.

जुनं शहर तटाच्या आत आहे, मी सांगितलं.
वेशी आहेत, तोफा आहेत, खाली मोठी नदी.
'म्हंजे चांदाच ना,' निशांत ढवस म्हणाला.
त्याचा मामा जटपुरा गेटपाशी पंक्चर काढतो.
चांदाच, पण फ्रेंच बोलणारं.

फ्रेंच माझ्या मोबाइलनं शिकवली, रेंज असेपर्यंत.
बोंझूरचं दुपारच्या सुट्टीत बोंडझूर झालं
आणि त्याला अळीही लागली.
त्यांचा होकार म्हणजे 'वी'.
'आपलं व्हय, त्याइचं वी,' रुणाली म्हणाली,
'अर्धी भाषा तं येऊनच राहिली मले.'

जानेवारीत तिथं उणे वीस.
इथं मे महिन्यात सत्तेचाळीस.
गणिताच्या तासाला सरासरी काढली, साडेतेरा.
'मंग मधातच राहू ना, मॅडम.'
मधात म्हणजे अटलांटिक.
कोणीतरी विचारलं, बर्फ कसा असते, कापसासारखा?
मी हो म्हणणार होते.
'नाही,' रुणाली म्हणाली, 'कापूस गरम असते.
ओट्यात भरला का पोट तापते.'

तिथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर
एक वाक्य असतं : मला आठवतं.
दुसऱ्या दिवशी हंसराजच्या सायकलीच्या मडगार्डवर
खडूनं तेच.
काय आठवतं रे तुला?
'अजून ठरवलं नाही, मॅडम.'

संमतीपत्रं मीच वाटली होती.
प्रकल्पाचा भाग, गुण पाच.
शनिवारी शाळा सुटताना रुणालीची माय आली,
वेचणीतून थेट, कमरेला ओटा तसाच.
कागदावर सही, सावकाश केलेली,
आणि पदराच्या गाठीत दोनशे रुपये.
'बाकीचे बुधवारी देतो, चुकाऱ्याच्या दिवशी.
स्वेटर नाही तिच्यापाशी, घोंगडी चालते का?'

मी काहीतरी बोलले.
प्रकल्प, कागदावरची, खरी नाही,
असे शब्द एकामागून एक ठेवले.
ती ऐकत होती, मान हलवत होती,
मुलीच्या शाळेत ऐकतात तशी.
मग म्हणाली, 'ते ठीक हाय.
पण परत कधी?'

भिंतीकडं पाहिलं मी.
एसटी, रेल्वे, दोन विमानं, अटलांटिक, तट, वेस,
सगळे बाण एकाच दिशेला.
परतीचा रकाना
आम्ही कोणी भरलाच नव्हता.

पैसे परत दिले.
संमतीपत्र फाइलला लावलं, क्रमांक एक.

सोमवारी आधी तेवढंच केलं.
उलटे बाण, लाल खडूनं.
भिंतीवरचा समुद्र पुन्हा ओलांडला,
दिल्ली, नागपूर, वरोरा.
वरोऱ्याहून शेवटची एसटी सव्वाआठची.
ती चुकली तर?
'तं पैदल येऊ,' हंसराज म्हणाला,
'नऊच किलोमीटर हाय. गिराबाईले मधात घेऊ,
त्याइले कुत्र्याचं भेव वाटते.'